पाच विश्वचषक, पाच देश, एक प्रशिक्षक : बोरा मिलुतिनोविच यांच्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज आणि सातारा येथील मैदानांवर फुटबॉल खेळणारी मुले, त्यांचे पालक आणि शाळांचे क्रीडाशिक्षक यांच्याकडून बोरा मिलुतिनोविच या प्रशिक्षकाविषयी पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. एकाच माणसाने पाच वेगवेगळ्या देशांचे संघ विश्वचषकात सांभाळले, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला बहुधा खरे वाटत नाही. ते खरे आहे, पण त्यात काही बारकावे आहेत आणि बहुतेक प्रश्न त्यांच्याभोवतीच फिरतात.

मिलुतिनोविच यांचे नाव एवढे का घेतले जाते?

वेलिबोर ऊर्फ बोरा मिलुतिनोविच या सर्बियन प्रशिक्षकाने १९८६ मध्ये मेक्सिको, १९९० मध्ये कोस्टा रिका, १९९४ मध्ये अमेरिका, १९९८ मध्ये नायजेरिया आणि २००२ मध्ये चीन अशा पाच देशांची धुरा सलग पाच विश्वचषक स्पर्धांत सांभाळली. यांपैकी पहिल्या चार संघांनी गटसाखळी ओलांडून बाद फेरी गाठली. चार वेगवेगळे देश पहिल्या फेरीपलीकडे नेणारा दुसरा प्रशिक्षक विश्वचषकाच्या इतिहासात नाही. या चारांपैकी एकही देश जेतेपदाच्या दावेदारांत गणला जात नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे या कामगिरीचे वजन कळते.

या पाचही देशांना पात्रता त्यांनीच मिळवून दिली का?

नाही, आणि याबाबतच सर्वाधिक गैरसमज आढळतो. १९८६ मध्ये मेक्सिको आणि १९९४ मध्ये अमेरिका हे यजमान होते, त्यामुळे त्यांना पात्रता फेरी खेळावीच लागली नाही. कोस्टा रिकाने १९९० ची पात्रता मार्विन रोद्रिगेस यांच्या मार्गदर्शनाखाली मिळवली होती, तर नायजेरियाला १९९८ च्या स्पर्धेपर्यंत फिलिप त्रुसिए यांनी आणले होते. पाचांपैकी फक्त चीनलाच मिलुतिनोविच यांनी स्वतः पात्रता फेरीतून पार नेले. गंमत अशी की १९९८ साठी त्यांनी आणखी एक संघ पात्र ठरवला होता. तो मेक्सिकोचा होता. परंतु पात्रता मिळाल्यावर, १९९७ च्या अखेरीस, त्यांना त्या पदावरून दूर करण्यात आले आणि मानुएल लापुएन्ते यांच्याकडे संघ सोपवला गेला.

याचा अर्थ त्यांचे श्रेय कमी होते, असा मुळीच नाही. मात्र त्यांचे खरे कौशल्य कोणते, हे यातून स्पष्ट होते. वर्षानुवर्षे खपून संघ उभा करणे हे त्यांच्या कारकिर्दीचे मुख्य काम नव्हते. दुसऱ्याने उभा केलेला किंवा अर्धवट राहिलेला संघ थोड्या अवधीत ओळखायचा, त्यात आधीपासून काय आहे ते हेरायचे आणि तीन-चार सामन्यांपुरते त्यातून जास्तीत जास्त काढून घ्यायचे, या कामात त्यांचा हातखंडा होता. आपल्याकडे एखाद्या गावच्या तालमीत पाहुणा म्हणून आलेला जाणता वस्ताद पोरांची दोन दिवसांची कुस्ती पाहून कोणाचा कोणता डाव पक्का आहे हे सांगतो आणि जत्रेच्या फडासाठी तेवढाच डाव घासून घेतो. मिलुतिनोविच यांचे काम त्याच जातीचे होते.

त्यांचे बालपण आणि खेळाडू म्हणून कारकीर्द कशी होती?

त्यांचा जन्म ७ सप्टेंबर १९४४ रोजी सर्बियातील बायिना बाश्ता या गावी झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच वडील गेले आणि पुढे आईही क्षयाने दगावली, त्यामुळे भावंडांचा सांभाळ नातेवाइकांनी केला. मिलोश, मिलोराद आणि बोरा हे तिघेही भाऊ बेलग्रेडच्या पार्टिझान क्लबकडून खेळले. तिघांत सर्वांत मोठे नाव मिलोश यांचे झाले. ते १९५४ आणि १९५८ च्या विश्वचषकात युगोस्लाव्हियाकडून खेळले आणि पुढे त्या देशाचे प्रशिक्षकही झाले.

बोरा मध्यरक्षक होते. पार्टिझाननंतर स्वित्झर्लंडमधील विंटरथुर, मग फ्रान्समधील मोनाको, नीस आणि रुआँ असा प्रवास करत १९७२ मध्ये ते मेक्सिकोतील पुमास या क्लबकडे पोहोचले. पुमास हा मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाचा संघ आहे. तिथेच त्यांनी लग्न केले, खेळाडू म्हणून निवृत्ती घेतली आणि तिथेच ते प्रशिक्षक झाले. प्रशिक्षक म्हणून पहिला संघ हाती येण्याआधीच चार देशांतील ड्रेसिंग रूम त्यांनी आतून पाहिल्या होत्या आणि परक्या भाषेत सूचना समजून घेण्याची कसरत स्वतः केली होती. पुढच्या भटकंतीचा पाया तिथे घातला गेला.

प्रशिक्षक म्हणून त्यांची सुरुवात कोठे झाली?

पुमासमध्येच. १९७७ ते १९८३ या काळात ते त्या संघाचे प्रशिक्षक होते आणि त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीत एकाच ठिकाणी सलग केलेले हे सर्वांत दीर्घ काम ठरते. १९८०-८१ च्या हंगामात पुमासने मेक्सिकोची लीग जिंकली, तर १९८० आणि १९८२ मध्ये उत्तर व मध्य अमेरिका विभागाचा क्लब चषक पटकावला. त्या संघातील ह्युगो सांचेस हा तरुण आघाडीवीर १९८१ मध्ये स्पेनला गेला आणि पुढे रेआल माद्रिदचा प्रमुख गोल करणारा खेळाडू झाला. विद्यापीठाचा संघ असल्याने पुमासमध्ये घरच्या तरुण खेळाडूंना संधी देण्याची रीत होती. मिलुतिनोविच यांच्यावर ‘हे फक्त स्पर्धेपुरते प्रशिक्षक’ असा शिक्का मारणाऱ्यांनी ही सहा वर्षे विचारात घ्यायला हवीत.

१९८६ मध्ये मेक्सिकोने नेमके काय केले?

यजमानपद मूळचे कोलंबियाकडे होते. कोलंबियाने माघार घेतल्यावर १९८३ मध्ये ते मेक्सिकोला मिळाले आणि त्याच वर्षी मिलुतिनोविच यांच्याकडे राष्ट्रीय संघ आला. पात्रता सामने नसल्यामुळे तयारी मैत्रीपूर्ण सामन्यांवरच करावी लागली. परंतु त्यामुळेच त्यांना जवळजवळ तीन वर्षांचा सलग वेळ मिळाला.

गटात मेक्सिकोने बेल्जियमला २-१ असे हरवले, पॅराग्वेशी १-१ अशी बरोबरी साधली आणि इराकवर १-० अशी मात केली. पुढच्या फेरीत बल्गेरियावर २-० असा विजय मिळवताना मानुएल नेग्रेते यांनी हवेत आडवे होऊन मारलेला कात्री-गोल आजही विश्वचषकाच्या सर्वोत्तम गोलांमध्ये दाखवला जातो. नेग्रेतेही पुमासचेच. उपांत्यपूर्व फेरीत माँतेरेई येथे पश्चिम जर्मनीविरुद्ध जादा वेळेनंतरही गोल झाला नाही आणि पेनल्टी शूटआउटमध्ये मेक्सिको ४-१ असा हरला. मेक्सिकोने १९७० मध्ये, स्वतःच्याच भूमीवर, उपांत्यपूर्व फेरी गाठली होती. २०२२ पर्यंतच्या स्पर्धांत त्या देशाची मजल त्या फेरीपुढे कधीच गेली नाही.

त्या सामन्यात मेक्सिकोच्या हाविएर आगिरे यांना बाहेर काढण्यात आले होते. तेच आगिरे पुढे मेक्सिको, जपान आणि इजिप्त या देशांचे व स्पेनमधील अनेक क्लबचे प्रशिक्षक झाले. मिलुतिनोविच यांच्या हाताखालून गेलेले खेळाडू पुढे स्वतःच देशोदेशी फिरणारे प्रशिक्षक झाल्याचे असे आणखी एक उदाहरण आहे, आणि ते थेट मुंबईपर्यंत येते. ते पुढे दिले आहे.

ज्यांच्या घरात त्या वर्षी दूरदर्शन संच होता, त्यांना हे सामने मध्यरात्रीच्या आसपास पाहिल्याचे आठवत असेल. मेक्सिकोतील भर दुपारी बारा म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे साडेअकरा. युरोपातील प्रेक्षकांना सोयीची वेळ मिळावी म्हणून अनेक सामने दुपारच्या उन्हात ठेवण्यात आले होते. उंचावरील विरळ हवा आणि ऊन या दोन्हींची सवय असलेल्या मेक्सिकोला त्याचा थोडा लाभ झाला, हे मान्य करायला हरकत नसावी.

कोस्टा रिकाच्या वेळी त्यांच्या हातात किती वेळ होता?

जेमतेम काही महिने. त्यांच्या कारकिर्दीचा अभ्यास करायचा असेल, तर हे प्रकरण सर्वांत बारकाईने पाहावे.

कोस्टा रिका प्रथमच विश्वचषकात खेळणार होता आणि गटात ब्राझील, स्वीडन व स्कॉटलंड होते. देशाची लोकसंख्या तेव्हा सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांच्या एकत्रित लोकसंख्येपेक्षाही कमी होती. मिलुतिनोविच यांनी आल्या आल्या पात्रता मिळवून देणाऱ्या काही ज्येष्ठ खेळाडूंना वगळले. त्यांत कर्णधार एव्हारिस्तो कोरोनादो यांचाही समावेश होता. देशात गदारोळ उठला. दुसऱ्याने पात्र ठरवलेला संघ हाती घ्यायचा आणि ज्यांच्या जोरावर तो पात्र ठरला त्यांनाच घरी बसवायचे, हे तसे कोणालाही पटण्यासारखे नव्हते. पुढचे निकाल वेगळे लागले असते, तर या निर्णयाचे समर्थन करायला कोणी उरले नसते.

११ जून १९९० रोजी जेनोआ येथे कोस्टा रिकाने स्कॉटलंडला १-० असे हरवले. उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच टाचेने मागे सारलेल्या चेंडूवर हुआन कायासो यांनी गोल केला. त्यानंतर तुरिनमध्ये ब्राझीलविरुद्ध संघ काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे जर्सी घालून उतरला. तुरिन हे युव्हेंटस क्लबचे शहर आणि युव्हेंटसचे जर्सीही तशाच पट्ट्यांचे, त्यामुळे स्थानिक प्रेक्षकांची सहानुभूती मिळाली, असे नेहमी सांगितले जाते. सामना ब्राझीलने जिंकला, पण फक्त १-० असा. शेवटच्या गटसामन्यात स्वीडनने आघाडी घेतल्यानंतर रोजेर फ्लोरेस यांनी हेडरवर बरोबरी साधली आणि संपायला काही मिनिटे उरली असताना बदली खेळाडू एर्नान मेदफोर्द यांनी एकट्याने धाव घेत विजयी गोल केला. पहिल्याच विश्वचषकात कोस्टा रिका बाद फेरीत पोहोचला.

तिथे चेकोस्लोव्हाकियाने त्यांना ४-१ असे हरवले. पहिल्या तीन सामन्यांत ज्यांच्यामुळे संघ तरला होता, ते गोलरक्षक गाबेलो कोनेहो दुखापतीमुळे खेळू शकले नाहीत आणि उंचपुऱ्या तोमाश स्कुहरावी यांनी हेडरवर तीन गोल केले. एका खेळाडूच्या दुखापतीने एवढा फरक पडावा, ही छोट्या देशांची अडचण कोणताही प्रशिक्षक एका हंगामात दूर करू शकत नाही.

अमेरिकेत व्यावसायिक लीगच नव्हती, मग संघ उभा कसा राहिला?

१९९० च्या विश्वचषकात अमेरिका तिन्ही सामने हरली होती. १९९१ मध्ये मिलुतिनोविच आले तेव्हा देशात पहिल्या दर्जाची व्यावसायिक लीग नव्हती. सध्याची मेजर लीग सॉकर १९९६ मध्ये सुरू झाली. त्यामुळे महासंघाने बऱ्याच खेळाडूंशी स्वतःच करार केले आणि कॅलिफोर्नियातील मिशन व्हिएहो येथे कायमचे शिबिर भरवले. राष्ट्रीय संघच जणू एक क्लब झाला. अमेरिकी वडिलांची पण युरोपात वाढलेली मुलेही शोधून आणण्यात आली. जर्मनीत जन्मलेले थॉमस डूली आणि नेदरलँड्समध्ये जन्मलेले अर्नी स्टुअर्ट हे त्यांपैकी.

निकाल लवकर दिसू लागले. १९९१ मध्येच अमेरिकेने पहिला गोल्ड कप, म्हणजे उत्तर व मध्य अमेरिका विभागातील देशांची स्पर्धा, जिंकला. उपांत्य सामन्यात मेक्सिकोला आणि अंतिम सामन्यात पेनल्टींवर होंडुरासला हरवले. १९९३ मध्ये फॉक्सबरो येथे इंग्लंडवर २-० असा विजय मिळवला. विश्वचषकात स्वित्झर्लंडशी १-१ अशी बरोबरी झाली. तो सामना डेट्रॉइटजवळील पोंटियाक येथे छताखाली खेळला गेला आणि एरिक वायनाल्डा यांनी तीस यार्डांच्या आसपासवरून मारलेली फ्री किक थेट जाळ्यात गेली. त्यानंतर अनेकांच्या मते जेतेपदाचे दावेदार असलेल्या कोलंबियाला अमेरिकेने २-१ असे हरवले. आंद्रेस एस्कोबार यांच्याकडून स्वयंगोल झाला तो याच सामन्यात. मायदेशी परतल्यावर काही दिवसांतच मेदेयीन येथे त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. अमेरिकेच्या त्या विजयाची आठवण निघाली की ती दुर्घटना वगळून बोलता येत नाही.

रोमानियाकडून ०-१ असे हरूनही अमेरिका बाद फेरीत गेली. ४ जुलै रोजी, म्हणजे त्या देशाच्या स्वातंत्र्यदिनी, स्टॅनफर्ड येथे समोर ब्राझील होता. लिओनार्दो यांनी टॅब रामोस यांना कोपर मारल्यामुळे त्यांना लाल कार्ड मिळाले आणि ब्राझील दहा जणांवर आला. तरीही बेबेतो यांच्या गोलवर ब्राझीलने सामना १-० असा जिंकला आणि पुढे विश्वचषकही. दहा जणांविरुद्ध इतका वेळ खेळूनही अमेरिकेने फारसे आक्रमण केले नाही, ही मिलुतिनोविच यांच्यावरील जुनी टीका आहे, आणि ती निराधार नाही. त्यांचे संघ हरायचे नाही या विचाराने खेळत. जिंकण्यासाठी उघडे पडण्याची वेळ आली की ते कचरत.

एवढे यश मिळाल्यावर त्यांनी अमेरिका का सोडली?

महासंघाला प्रशिक्षकाने संघाबाहेरील विकासकार्य आणि प्रशासकीय जबाबदाऱ्याही घ्याव्यात असे वाटत होते. त्यांना फक्त संघ सांभाळायचा होता. १९९५ मध्ये दोघांचे मार्ग वेगळे झाले. त्यानंतर ते पुन्हा मेक्सिकोकडे गेले आणि १९९६ चा गोल्ड कप जिंकला.

नायजेरियाबरोबरची कामगिरी यश मानावी की अपयश?

दोन्ही, आणि तेही पंधरा-सोळा दिवसांच्या आत. ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकून दोनच वर्षे झालेल्या या संघात गुणवत्तेची कमतरता नव्हती. पहिल्या सामन्यात नाँत येथे स्पेनने दोनदा आघाडी घेतली. पण एक चेंडू गोलरक्षक सुबिसारेता यांच्या हाताला लागून आत गेला आणि मग संडे ओलिसे यांनी लांबून मारलेल्या फटक्याने नायजेरिया ३-२ असा जिंकला. बल्गेरियावर १-० असा विजय मिळवून गटातील पहिले स्थान निश्चित झाले. मात्र बाद फेरीत डेन्मार्कने पहिल्या बारा मिनिटांतच दोन गोल केले आणि सामना ४-१ असा संपला. कोस्टा रिकाच्या छोट्या संघाला जे शिस्तीने तारले, ते नावाजलेल्या खेळाडूंच्या संघात बसवायला तेवढा वेळ पुरला नसावा.

क्लब प्रशिक्षक म्हणून ते अपयशी ठरले, हे खरे आहे का?

पुमासनंतर बऱ्याच अंशी खरे आहे. अर्जेंटिनातील सान लोरेन्सो आणि इटलीतील उदिनेसे येथे ते अल्पकाळ राहिले. १९९८ च्या विश्वचषकानंतर न्यूयॉर्क-न्यूजर्सीच्या मेट्रोस्टार्सचे प्रशिक्षकपद त्यांनी घेतले आणि १९९९ च्या हंगामात संघाने ३२ पैकी फक्त ७ सामने जिंकले, २५ गमावले. लीगमध्ये दर आठवड्याला सामना असतो, प्रतिस्पर्धी तुमची चाल दुसऱ्या फेरीत ओळखतो आणि पाठीचा कणा नसलेला संघ आठ महिने झाकता येत नाही. स्पर्धेतील तीन सामन्यांत जे झाकून नेता येते, ते लीगमध्ये उघडे पडते.

चीनमध्ये त्यांना एवढे प्रेम कसे मिळाले?

चीन त्याआधी अनेकदा विश्वचषकाच्या उंबरठ्यावरून परतला होता आणि त्या आठवणींचे दडपण खेळाडूंवर असे. २००० च्या सुरुवातीला आलेल्या मिलुतिनोविच यांनी डावपेचांपेक्षा आधी या दडपणावर काम केले. ‘मनोवृत्तीच सगळे ठरवते’ अशा आशयाची चिनी अक्षरे लिहिलेली टोपी ते घालत असत. सरावात ते मध्ये जाळे लावून पायांनी आणि डोक्याने खेळायचा टेनिससारखा खेळ घेत. आनंदाने खेळा, हा त्यांचा आग्रह. हा सराव आहे की पोरखेळ, असे चिनी पत्रकार सुरुवातीला विचारत. जाळ्यावरून चेंडू परत पाठवताना पहिला स्पर्श चुकला की गुण जातो, म्हणून त्या खेळात चेंडूवरचे नियंत्रण आपोआप घासले जाते, हे मैदानावर काम करणाऱ्या कोणाच्याही लक्षात येईल. आपल्या शाळांच्या अर्ध्या मैदानावरही व्हॉलीबॉलचे जाळे खाली बांधून तो घेता येतो.

७ ऑक्टोबर २००१ रोजी शेनयांगच्या वुलिहे स्टेडियमवर यू गेनवेई यांच्या गोलच्या बळावर चीनने ओमानला १-० असे हरवले आणि दोन सामने शिल्लक असतानाच पात्रता मिळवली. चीन आजवर पुरुषांच्या विश्वचषकाला त्या एकदाच पात्र ठरला आहे. त्या वेळी जपान आणि दक्षिण कोरिया हे यजमान असल्यामुळे आशियाच्या पात्रता फेरीत नव्हते, तसेच सौदी अरेबिया आणि इराण हे दोन्ही बलाढ्य संघ दुसऱ्या गटात गेले होते. वाट सोपी झाली होती, हे खरे. सोपी झालेली वाटही चीनला नंतरच्या काळात कधी चालता आली नाही, हेही तितकेच खरे.

प्रत्यक्ष स्पर्धेत चीन कोस्टा रिकाकडून ०-२, ब्राझीलकडून ०-४ आणि तुर्कस्तानकडून ०-३ असा हरला. एकही गोल झाला नाही, एकही गुण मिळाला नाही. बाद फेरी गाठण्याची चार स्पर्धांची मालिका तिथे खंडित झाली.

मुंबईशी संबंध आहे म्हणतात, तो कोणता?

चीनला २००२ मध्ये हरवणाऱ्या कोस्टा रिकाचे प्रशिक्षक होते अलेक्झांद्रे गिमाराइस. ते मिलुतिनोविच यांच्या १९९० च्या कोस्टा रिका संघातील खेळाडू होते. हेच गिमाराइस २०१६ ते २०१८ या काळात इंडियन सुपर लीगमधील मुंबई सिटी एफसीचे प्रशिक्षक होते. २०१६ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने साखळीत पहिले स्थान मिळवून प्रथमच उपांत्य फेरी गाठली. दिएगो फोर्लान आणि सुनील छेत्री त्या संघात होते. अंधेरीच्या मैदानावर ते सामने पाहिलेल्या महाराष्ट्रातील प्रेक्षकांनी बोरांच्या एका शिष्याचे काम जवळून पाहिले आहे.

मिलुतिनोविच कधी भारताचे प्रशिक्षक होते का?

नाही. मात्र चीनमध्ये त्यांच्याआधी असलेले इंग्लिश प्रशिक्षक बॉब हॉटन पुढे २००६ ते २०११ या काळात भारताचे प्रशिक्षक होते. हॉटन यांनी १९७९ मध्ये स्वीडनच्या माल्मो क्लबला युरोपियन कपच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले होते. त्यांच्या काळात भारताने २००८ चा एएफसी चॅलेंज कप जिंकला आणि १९८४ नंतर प्रथमच, २०११ मध्ये, आशिया चषकात प्रवेश केला.

भारताने पाहिलेले दुसरे भटके प्रशिक्षक म्हणजे स्टीफन कॉन्स्टंटाइन. नेपाळ, मलावी, सुदान, रवांडा आणि पाकिस्तान हे देश त्यांनी सांभाळले. भारताकडे ते दोनदा आले. दुसऱ्या वेळी, २०१५ मध्ये, भारत फिफा क्रमवारीत १७० च्या पलीकडे होता. २०१७ मध्ये तो पहिल्या शंभरात आला. २०१९ च्या आशिया चषकात थायलंडवर ४-१ असा विजय मिळवूनही पुढचे दोन्ही सामने हरल्याने संघ बाहेर पडला आणि त्यांनी राजीनामा दिला. २०२३ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली पाकिस्तानने कंबोडियाला हरवून विश्वचषक पात्रता फेरीतील आपला पहिला विजय नोंदवला.

पाच देशांचा विक्रम त्यांच्या एकट्याचा आहे का?

नाही. ब्राझीलचे कार्लोस अल्बेर्तो परेरा यांनीही पाच देश सांभाळले : कुवेत, संयुक्त अरब अमिराती, ब्राझील, सौदी अरेबिया आणि दक्षिण आफ्रिका. त्यांच्या विश्वचषक स्पर्धा सहा होतात आणि १९९४ चा विश्वचषक त्यांनी जिंकलाही. परंतु ब्राझील वगळता त्यांचा कोणताही संघ गटसाखळीच्या पुढे गेला नाही. दोघांची तुलना करताना चषक पाहायचा की कमी साधनांतून काढलेले काम, हे ज्याचे त्याने ठरवावे. प्रस्तुत लेखकाचा कल दुसऱ्या बाजूला आहे.

२००२ नंतर त्यांनी काय केले?

होंडुरास, कतारमधील अल सद्द क्लब, जमैका आणि इराक असा त्यांचा प्रवास झाला. यांपैकी उल्लेख करावा असे एकच : २००९ च्या कॉन्फेडरेशन्स चषकात त्यांच्या इराकने यजमान दक्षिण आफ्रिकेला आणि न्यूझीलंडला गोलशून्य बरोबरीत रोखले आणि तेव्हाच्या युरोपविजेत्या स्पेनकडून केवळ ०-१ असा पराभव पत्करला. युद्धाने पोळलेल्या देशाच्या संघासाठी हे कमी नव्हते.

आमच्या शाळेच्या संघाला यातून काही घेता येईल का?

तालुका पातळीचे आंतरशालेय सामने जाहीर होतात आणि क्रीडाशिक्षकाच्या हातात दोन-तीन आठवडे उरतात. त्यांतले काही पावसात जातात. ही परिस्थिती कोस्टा रिकाच्या जवळची आहे, म्हणून हा प्रश्न योग्यच आहे. नवी रचना शिकवण्याच्या फंदात न पडता मुलांना जे आधीपासून येते त्यावर संघ बसवणे, गोल खाणार नाही अशी फळी आधी ठरवणे आणि कॉर्नर व फ्री किक यांची एक-एक ठरलेली चाल पक्की करणे, एवढे त्या अवधीत होऊ शकते. जिल्हा पातळीपर्यंत ते पुरतेही. विभागीय फेरीत कोल्हापूरच्या शाळांशी गाठ पडते, तेव्हा मात्र पुरत नाही. पेठापेठांच्या तालमींचे संघ आणि शाहू स्टेडियमवरील गर्दी पाहत वाढलेल्या मुलांचा सराव लहानपणापासूनचा असतो. पंधरा दिवसांच्या तयारीने ते अंतर भरून निघत नाही. तिथे बोरांची पुमासमधील सहा वर्षे उपयोगाची, त्यांचे विश्वचषक नव्हेत.

सांगली-साताऱ्याच्या तरुणाला प्रशिक्षक व्हायचे असेल, तर सुरुवात कोठून करावी?

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या डी परवान्यापासून. त्यानंतर आशियाई महासंघाचे सी, बी, ए आणि शेवटी प्रो असे टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यानंतर प्रत्यक्ष संघासोबत काम केल्याशिवाय पुढचा प्रवेश मिळत नाही. महाराष्ट्रातील अभ्यासक्रमांची माहिती वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन आणि तिच्याशी संलग्न जिल्हा संघटनांकडून मिळते. मिलुतिनोविच यांच्या पिढीला परवान्यांची ही शिडी नव्हती; आज परदेशी जायचे असो वा इंडियन सुपर लीगमध्ये मुख्य प्रशिक्षक व्हायचे असो, ती चढावीच लागते. इंग्रजीबरोबर आणखी एखादी भाषा शिकावी. मिलुतिनोविच सर्बियन, फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन आणि इंग्रजीत काम चालवत, आणि चीनमध्ये जिथे यांपैकी एकही पुरली नाही तिथे त्यांनी टोपी, जाळे आणि हातवारे यांवर भागवले.